मालागाला गेलात तर

जगात जेवण्यालायक शहर एकच आहे, ते स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर आहे, त्याचं नाव मालागा, आणि उरलेल्या पृथ्वीवर माणसं नुसती पोटं भरतात, असं ठणकावून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो शारजात रोल्ला भागात राहायचा, मूळचा वसईचा होता आणि माझ्या घरमालकिणीचा नवरा होता. घरमालकीण हा शब्दही मी जरा मोठेपणाने वापरतेय. घर त्यांचंही भाड्याचंच, त्यातली रस्त्याकडची एक खोली मला दिलेली. पण करार आंटींच्या नावावर, एसी गळायला लागला की वॉचमनला झापायला आंटी, शुक्रवारच्या सुट्टीत चर्चला जायची गाडी ठरवायला आंटी, त्यामुळे अख्ख्या बिल्डिंगमध्ये अंकलची ओळख 'आंटींचा नवरा' एवढीच होती. त्यांना त्याचं काही वाटत नसे. ज्या माणसाने मालागाच्या बंदरात भिंतीला टेकून गरमागरम तळलेली मांदेली खाल्ली आहेत, त्याला रोल्लात कोण काय म्हणतं याची काय पत्रास.

मला मात्र त्या हिवाळ्यात हा माणूस फार गांभीर्याने हवा होता. कशासाठी, ते स्पष्टच सांगते. मी वसईत कॉलेजात असताना मोर्च्यांमध्ये आणि पत्रकांमध्ये वाढले. पोट भरायला शारजात आले आणि एका प्रेसमध्ये सुपरमार्केटांची पत्रकं जुळवायला लागले, म्हणजे कांदे, टिश्यू पेपर आणि गोठवलेल्या कोंबड्या यांच्यापुढे उद्गारचिन्हं लावायचं काम. नव्वदचं दशक सरत आलं होतं. अशात दापोलीहून माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिचा भाऊ खलाशी होता आणि त्याचं जहाज शारजाशेजारच्या अजमानसमोर समुद्रात नांगर टाकून उभं होतं. मालकाने हात वर केले होते. पगार बंद, डिझेल संपत आलेलं, पाणी मोजून, आणि खलाशांना किनाऱ्यावर उतरायची परवानगी नाही. डेकवरून बिल्डिंगांचे दिवे दिसायचे आणि ताटात नुसता भात आणि मीठ. माझ्या डोक्यात लगेच पत्रकाचा मथळा तयार झाला. पण तो देश पत्रकांचा नाही, आणि परवानगीशिवाय तिथे वर्गणीही काढता येत नाही. उरलं आमचं मराठी मंडळ. मंडळाच्या अध्यक्षांना मी तीनदा भेटले आणि तिन्ही वेळा त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं. "ताई, आपण इथे पाहुणे. जहाजबिहाज आपला विषय नाही. बघू, इन्शाल्ला." त्यांच्या तोंडच्या त्या इन्शाल्लाचा अर्थ 'विसरा' असा होतो हे कळायला मला अरबी शिकावं लागलं नाही.

तेव्हा आंटींनी भाजी निवडता निवडता सांगितलं, "अगं, आमच्या ह्याला विचार ना. हापण असाच अडकला होता. मालक पळाला, जहाज मालागाच्या बंदरात पडून राहिलं, एक उन्हाळा नि एक हिवाळा. आला तेव्हा हाडं मोजून घ्यावीत असा." मी उडालेच. अंकल पुढे समुद्र सोडून शारजा बंदरात, जहाजांना किराणा पुरवणाऱ्या कंपनीत चिकटले होते, हे मला माहीत होतं. पण जिवंत साक्षीदार माझ्याच स्वयंपाकघरात रोज कांदा बारीक कापत उभा असतो, हे माहीत नव्हतं. ह्या माणसाने मंडळासमोर उभं राहून सगळं सांगितलं की काम फत्ते, असं मी ठरवून टाकलं आणि त्यांच्या मागे लागले.

मागे लागले हे शब्दशः खरं आहे, कारण अंकल एका जागी बसून बोलत नसत, आणि जेवत तर त्याहून नसत. मालागात म्हणे माणसं संध्याकाळी एका दुकानी उभ्याने एक घास खातात, पुढे जातात, दुसरा घास दुसरीकडे. "एकाच टेबलावर सुरुवात नि शेवट? ते जेवण नाही बाय, ती शिक्षा." म्हणून शुक्रवारी संध्याकाळी आमची वरात रोल्लातून निघायची. समोसा एकीकडे, उडप्याकडे एक इडली, इराण्याच्या तंदूरमधली एक रोटी, आणि प्रत्येक ठिकाणी बूड टेकतंय न टेकतंय तोच अंकल "यल्ला" म्हणून उठलेले. आंटी अर्धा डोसा टिश्यूत गुंडाळून मागून चालायच्या. "लग्नानंतर माझं बाहेरचं एक जेवण पुरं झालेलं नाही," त्या मला ऐकवायच्या, "देवाने ह्याला पोट दिलं नाही, दोन पाय जास्तीचे दिलेत." मी चालता चालता विचारायचे, "अंकल, त्या जहाजावर पाणी किती दिवस नव्हतं?" अंकल क्षणभर थबकायचे, मला वाटायचं आता सांगणार. मग म्हणायचे, "पाण्यावरून आठवलं. तिकडे बदाम नि लसूण वाटून एक गार सूप करतात, वरून द्राक्षं. कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीत, पायऱ्या उतरून. दुसरीकडे कुठे खाऊ नकोस."

त्यांच्या कॉफीची तर अख्ख्या गल्लीला धास्ती होती. मालागात कॉफीत दूध किती त्यावर तिचं नाव ठरतं. जवळजवळ सगळं दूधच असेल तर ती 'ढग', त्याहून किंचित गडद ती 'सावली', निम्मं निम्मं ते वेगळं, आणि अधलीमधली आणखी कितीतरी. खालच्या कॅफेटेरियातल्या मल्याळी माणसाला त्यांनी ही सगळी विद्या शिकवायचा चंग बांधला होता. ग्लास आला की ते उजेडात धरायचे आणि दुःखी चेहऱ्याने परत करायचे. "ये छाया नहीं है, भाई. ये अंधेरा है." शेवटी त्या माणसाने एक दिवस रिकामा ग्लास, डबाबंद दूध आणि कॉफीचा थर्मास आणून टेबलावर आदळला. "खुद बना लो अंकल. खलास." अंकल खूश. त्यानंतर तिथे त्यांना नेहमी तसंच मिळायचं, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाने तसं मागितलं तर तो मल्याळी म्हणायचा, वो सिर्फ स्पेनवाले के लिए है.

मासळीबाजारात आंटींना सुरमई हवी असायची आणि अंकल तारली घ्यायचे. ओमानकडून येणारी ती स्वस्त तारली तिकडे वाळवून गुरांना घालतात, त्यामुळे शेजारणी आंटींना विचारायच्या, मांजर पाळलंय का. अंकलना काय त्याचं. मालागात समुद्रावरच जुन्या होडीत वाळू भरतात, तीत लाकडं पेटवतात आणि वेताच्या काडीला तारली ओवून ती काडी वाळूत तिरपी रोवतात. सगळी मेख वाऱ्यात आहे. काडी वारा येतो त्या बाजूला रोवायची, म्हणजे मासळीला धग लागते, धूर लागत नाही. हा प्रयोग त्यांनी आम्हाला घेऊन शारजाच्या किनाऱ्यावर केला. बोट ओलं करून वारा पाहिला, काडी रोवली, आणि तोंडभर धुराने आम्ही रडत असताना तिथला पठाण रखवालदार आग विझवा म्हणून ओरडत आला. अंकलनी त्याला, तू चुकीच्या बाजूला उभा आहेस, असं समजावून हाताला धरून पलीकडे नेलं आणि एक तारली दिली. त्याने ती खाल्ली, हात पुढे केला, आणखी खाल्ल्या, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "अब बुझाओ." जेवणाबरोबर तिथे पिंपातली गोड वाइन एक इवलासा ग्लास देतात, हे वाक्य मात्र, शारजात दारूबंदी असल्यामुळे, अंकल फार हळू आवाजात बोलायचे.

आणि ह्या इतक्या ठिकाणांपैकी एकाचंही नाव त्यांना सांगता यायचं नाही. आमच्या बिल्डिंगमधला एक इंजिनीअर ट्रेनिंगसाठी फ्रँकफर्टला निघाला होता, त्याला अंकलनी जिन्यात गाठलं. फ्रँकफर्ट ते मालागा म्हणजे जणू विरार ते नालासोपारा, अशा थाटात त्याला रस्ता सांगायला लागले. बंदराच्या दारातून बाहेर पड, डावीकडे वळ, जिथे पिवळा कुत्रा झोपतो त्याच्या समोरचं दार. त्यांची मुलगी, शारजातच वाढलेली, वैतागून म्हणाली, "डॅडी, दॅट डॉग इज डेड बाय नाऊ."

"मग दुसरा असेल," अंकल म्हणाले. "त्या दारासमोर कुत्रा असणारच. आत बाई कशी आहे ते तुला ठाऊक नाही."

तर अशा माणसाला मी संक्रांतीच्या तिळगूळ समारंभात मंडळासमोर उभं केलं. अध्यक्षांनी मेहेरबानी करून जेवणाआधीची पाच मिनिटं दिली होती. भाषण मी लिहून दिलं होतं आणि जीव ओतून लिहिलं होतं. पळपुटा मालक, गंजलेलं जहाज, भुकेली माणसं, शेवटी सवाल. अंकल माइकसमोर आले, कागद उघडला, घडी घालून परत खिशात ठेवला आणि म्हणाले, "मालागाला गेलात तर सकाळी आधी कॉफी."

हॉलभर भुकेलेली माणसं, मागून मसालेभाताचा वास येतोय, आणि हे सांगताहेत की मांदेलीच्या शेपट्या एकत्र चिकटवून पंख्यासारखी तळायची असतात. कॉफी झाली, सूप झालं, होडीतली तारली झाली. लोक हसत होते, काहीजण मिटक्या मारत होते, अध्यक्ष घड्याळ पाहत होते. तिकडे माणसं मीठभात खाताहेत आणि इकडे खाद्ययात्रा चाललीय. मी उठून माइक हिसकावणार होते. तेवढ्यात मधल्या रांगेतून एका बाईंनी सहज चेष्टेने विचारलं, "अंकल, एवढं रोज बाहेर खायला तुमची कंपनी पगार तरी काय देत होती?"

"पगार नव्हता," अंकल म्हणाले. "मालक पळाला होता ना. जहाज बंद. आम्ही अडकलेलो."

"मग हे सगळं?"

"त्या बाईकडे मी बटाटे सोलायचो. होडीवाल्याची लाकडं फोडायचो." पुढचं त्यांनी बहुधा आधी कुणाला सांगितलंच नव्हतं. "बंदरातल्या लोकांनी आम्हाला पोती दिली होती. पीठ, कडधान्य, तेल. देवमाणसं. त्यांच्यामुळे जगलो. पण पोतं आलं की उतरवून घ्यायचं आणि आत असेल ते खायचं. एकदा मी त्या बाईच्या दारात नुसता उभा होतो, वास घेत. ती बाहेर आली नि तिने विचारलं, काय खाणार? मला वाटलं, ही दुसऱ्या कोणाला विचारतेय. मागे वळून पाहिलं. मागे कुत्रा होता." लोक हसले, पण हसू पुरं झालं नाही. "नंतर मी शहरभर तसली दारं शोधत फिरलो. काय खाणार म्हणून विचारणारी. तेवढ्याच जागा मला माहीत आहेत. नावं मी बघितली नाहीत. ते अजमानसमोर जहाज उभं आहे, त्याबद्दल ही मुलगी सांगेल." आणि ते खाली येऊन बसले.

मला काही सांगावंच लागलं नाही. जेवणाच्या रांगेतच बायकांनी ठरवून टाकलं. वर्गणी नाही, पत्रक नाही, प्रत्येकीने आपल्या पैशाने अंकलच्या कंपनीतून सामान रीतसर विकत घ्यायचं आणि कंपनीच्या बोटीने जहाजावर पाठवायचं. अध्यक्षही पुढे झाले, म्हणजे फोटोत असतात तसे पुढे झाले. तांदूळ, डाळ, तेल, पाणी असा हिशेब ते करायला लागले तेव्हा अंकल म्हणाले, "ते जाईलच साहेब. पण आधी विचारू."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या ऑफिसात गेले. गोदामाच्या कोपऱ्यात जहाजांशी बोलायचा वायरलेस होता. अंकलनी जहाजाला हाक मारली. बऱ्याच वेळाने, बॅटरी वाचवत बोलावं तसा आवाज आला. माझ्या मैत्रिणीचा भाऊ होता.

"उद्या बोट येतेय," अंकल म्हणाले. "काय खाणार?"

"काहीही पाठवा साहेब. उपकार होतील."

"काहीही नावाचा माल माझ्या गोदामात नाही. नीट सांग."

"तांदूळ चालेल."

"तांदूळ येतोच आहे. तांदूळ मी विचारलाच नाही. तुला काय खावंसं वाटतंय ते विचारतोय."

खरखर. मला वाटलं बॅटरी गेली. मग आवाज आला, इतका अवघडलेला की मी दुसरीकडे पाहायला लागले. "वालाचं बिरडं... पण राहू द्या साहेब, ते इथे कुठे मिळणार."

"कडवे वाल की गोडे?"

"कडवे."

"पुढे."

पुढे कोणीतरी त्याच्या हातून माइक घेतला. "साब, अंडा मिलेगा? हाफ फ्राय के लिए, टूटा हुआ मत भेजना." मागून तिसरा ओरडला, इसको छोड़ो, पहले नींबू लिखो, आणि पाहता पाहता त्या बंद जहाजावर भांडण जुंपलं. लिंबू की लोणचं, बांगडा की कोंबडी. अंकल दरडावत होते, "एकेक बोला. हा मासळीबाजार आहे का?" त्यांचा चेहरा मी इतका खुललेला कधी पाहिला नव्हता.

माझं मत आजही बदललेलं नाही. असल्या मालकांना कोर्टात खेचलं पाहिजे, आणि एका बिरड्याने अन्याय मिटत नाही. ते जहाज पुढे लिलावात गेलं, माणसं उन्हाळ्याच्या तोंडावर घरी पोचली. त्यात आमचा वाटा किती आणि कागदपत्रांचा किती, हे मला सांगता येणार नाही. अंकल-आंटी काही वर्षांनी वसईला परतले. मी दुबईला खोली बदलली, मग नोकरी, मग पुन्हा खोली. कुठेच फार टिकले नाही.

पण ती दुपार आठवते. वायरलेस बंद झाला होता. अंकलनी माइक खाली ठेवला, माझ्याकडे वळले आणि त्याच आवाजात विचारलं, "नि बाय, तू? काय खाणार?"

दुसऱ्यांसाठी मागण्या करण्यात माझी सगळी अक्कल गेलेली. मी तोंड उघडलं आणि मला एकही पदार्थ आठवेना. म्हटलं, "काहीही चालेल, अंकल."

ते रागावले नाहीत. खुर्ची ओढून समोर बसले आणि, एरवी कुठेही बूड न टेकणारा तो माणूस, मला आठवेपर्यंत वाट पाहत राहिला.