पांढऱ्या मूर्ती आणि साडूचा कॅमेरा

माझ्या साडूकडे तो कॅमेरा आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. आता वय झालं, लपवून काय करायचं. पेणला माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, मुंजी, पासपोर्टचे फोटो, आणि दर वर्षी जोहे गावातल्या एका गणपती कारखान्याचा आल्बम. साडू रोह्याचा, केमिकल कंपनीत शिफ्ट करायचा. फोटोग्राफीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. नव्याण्णव साली त्याचा भाऊ मस्कतहून आला आणि येताना डिजिटल कॅमेरा घेऊन आला. चांगला विटेएवढा. आत फ्लॉपी जायची आणि मागे छोटा पडदा होता.

मी तो पहिल्यांदा बघितला कोलाडला, सासरवाडीत, मेव्हण्याच्या साखरपुड्याला. फोटो अर्थातच मी काढत होतो. मीटर बघ, रिंग फिरव, नवरीच्या आत्याला जरा सरकायला सांग. तेवढ्यात साडू आला, कॅमेऱ्यावरची चकती ऑटोवर ठेवली, बटण दाबलं, झालं. लगेच पडद्यावर फोटो हजर. सगळं घर त्याच्याभोवती गोळा. सासूबाईंनी बारा वर्षांत माझ्या एका फोटोला बरा म्हटलं नव्हतं. त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, “बघ गो, माज्या कानातलं पण दिसतंय.” सासऱ्यांनी मला विचारलं, “तुमचे कधी येतील धुवून?” मी म्हटलं, आठ दिवसांनी. ते नुसते हसले. त्या हसण्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

सगळे जेवायला बसले तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन त्या कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं.

घरी येताना बायको म्हणाली, “एवढं तोंड पाडायला काय झालं? त्याचं कौतुक झालं तर तुमचं काय गेलं?” काय गेलं ते मला तिला सांगता येईना. वीस वर्षं घालवली होती मी उजेड ओळखायला. रोल वाया घालवले, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. आणि हा एक चकती फिरवून माझ्या पंक्तीला येऊन बसला होता. पंक्तीला कसला, माझ्या पाटावर.

पुढे दोन-तीन महिन्यांत कंपनीने त्याच्या खात्यातली माणसं कमी केली, त्यात हा पण घरी बसला. मग त्याने फोटोचा धंदा करायचं ठरवलं. रोह्याला स्टेशनकडे एक गाळा बघून ठेवला. बोर्डावर काय लिहायचं तेही मेव्हणीने माझ्या बायकोला सांगून झालं. फक्त पहिलं मोठं काम हवं होतं. ते त्याला मिळालं, आणि ते माझं होतं. कारखान्याचे मालक मला म्हणाले, “राग नका धरू. यंदा जरा फ्लॉपी करून बघतो. लोक आता कॉम्प्युटरवर बघतात म्हणं. तुमच्या साडूचं हे काम जमलं तर त्याचं पण दुकान उभं राहील.”

आमच्या भागातून न रंगवलेल्या, कच्च्या मूर्ती गावोगावचे रंगारी आल्बम बघून घेऊन जातात. फोटोत ते एवढंच बघतात, मूर्ती किती पांढरी आणि किती साफ. आता गंमत अशी की पांढऱ्या मूर्तीमागे पांढरी भिंत असली की कॅमेरा बिचकतो. त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच काळवंडून टाकतो. म्हणून उजेडाचं मीटर सांगेल त्यापेक्षा भिंग दीड स्टॉप, म्हणजे रिंगवरची दीड घरं, जास्त उघडायचं, की उजेड जास्त आत येतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी अख्खा आल्बम फुकट गेला तेव्हा कळलं होतं.

साडूने आदल्या दिवशी फोन केला. “दादा, तुम्ही बरोबर चला ना. तुम्ही असलात की मला धीर येतो.”

गेलो. कशाला गेलो ते मला चांगलं ठाऊक होतं.

शेडमध्ये मूर्तींची रांग, मागे चुन्याची भिंत. त्याने चकती ऑटोवर ठेवली आणि पहिला फोटो काढला. पडद्यावर बाप्पा असे दिसले की जणू चुलीतली राख अंगाला फासून बसलेत. त्याने कॅमेरा माझ्या हातात दिला. “दादा, जरा मळकट वाटतात का हो?”

फोटो उजळ-काळा करायचं अधिक-उण्याचं बटण माझ्या अंगठ्याखाली होतं. पुस्तकात त्याचं अख्खं पान होतं. हे दोनदा दाब, एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हटलं, “पडदाच तसला असतो रे. ऑटो आहे ना? मशीनला आपल्यापेक्षा जास्त कळतं. तू काढत जा.” आणि वर त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याने दिवसभर तसेच फोटो काढले. मी दोनदा चहा प्यायलो.

पंधरा दिवसांनी मालकांनी मला बोलावून घेतलं. दोन जुन्या रंगाऱ्यांनी फोटो बघून विचारलं होतं, माल भिजलेला आहे का म्हणून, आणि ते दुसऱ्या कारखान्यात गेले होते. “माझी मूर्ती पांढरीशुभ्र हाय, आणि ही बघा,” मालक म्हणाले. “आल्बम तुम्हीच करा परत.” मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. मग ते म्हणाले, “मी तुमच्या साडूला विचारलं, अरे, दादा होते ना बरोबर, त्यांना दिसलं नाय? तर म्हणाला, त्यांना दाखवलंच नाय, मीच शहाणपणा केला.”

गाळा त्याने सोडला. दुसऱ्या एका कंपनीत कंत्राटावर लागला, शिफ्टला.

माझा आल्बम तयार झाला त्या आठवड्यात तो आमच्याकडे आला होता. त्याने एकेक पान सावकाश उलटलं. मूर्ती दुधासारख्या आल्या होत्या. “कसं केलंत हो हे?” त्याने विचारलं. मी दीड स्टॉपचं सांगितलं.

“माझ्या कॅमेऱ्यात होतं का असं काही?”

बायको चहा घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, “नाही.”

“वाटलंच मला,” तो म्हणाला. “असतं तर तुम्ही तेव्हाच सांगितलं असतं.”