सुटं झाकण

तो मला 'वहिनी' म्हणायचा. ऑफिसात, सगळ्यांसमोर. माझा नवरा बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आला, मराठी मंडळाच्या गणपतीत त्या दोघांची ओळख झाली, आणि हावड्याच्या कारखान्यात मी नोकरीला लागले त्या दिवसापासून मी त्याची वहिनी झाले. वास्तविक तो माझा साहेब होता. पण वहिनीचं म्हणणं मनावर घ्यावं लागत नाही, हसून सोडून देता येतं.

आमचा कारखाना ओतशाळांसाठी, म्हणजे वाळूच्या साच्यात लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांसाठी, वाळू वाहून नेणारी यंत्रं बनवायचा. कोरडी वाळू जोरात फिरवली की काय करते, ते मोजायला मी आठ महिने खपून एक छोटं यंत्र केलं. खाली गोल चर, आतलं दिसावं म्हणून चराच्या बाजूला काचेची खिडकी, चरात काचेचे बारीक मणी, वरून मोटरवर फिरणारं झाकण. झाकण फिरलं की मण्यांचे थर एकमेकांवरून घसरतात. वेग वाढला की मणी घसरायचे थांबतात आणि एकमेकांवर आदळायला लागतात. आदळायला जागा लागते, म्हणून ते झाकण वर उचलतात. म्हणूनच झाकण मी सुटं ठेवलं होतं. ते घट्ट बसवलं तर दुप्पट वेगाला चौपट दाब येतो, हे मी अहवालात ठळक अक्षरांत लिहिलं होतं.

अहवाल वरच्या ऑफिसात गेला तेव्हा त्यावर साहेबाचं एकट्याचं नाव होतं. मी जाब विचारला, तर म्हणाला, "अहो वहिनी, आपण काय परके आहोत?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा म्हणाला, जाऊ दे, मंडळात नेहमी तोंड बघायचंय. मी मुळीच जाऊ देणार नव्हते. माझं यंत्र मला माझ्या नावानं परत हवं होतं.

मग एका मोठ्या ओतशाळेचे इंजिनियर यंत्र बघायला यायचं ठरलं. त्या सकाळी आमचे म्हातारे मिस्त्री माझ्याकडे आले. "दीदी, साहेब ढाकनाय चारटे बोल्ट मारते बोललेन." साहेबानं झाकणाला चार बोल्ट मारायला सांगितले होते. मला हसू आवरेना. त्याचं अर्धं आयुष्य पाण्याचे पंप करण्यात गेलेलं. पंपवाल्याला झाकण हललेलं दिसलं की लाज वाटते, त्याला ती गळती वाटते. ठळक अक्षरं त्यानं वाचलीच नव्हती.

"मारा," मी मिस्त्रींना म्हटलं.

तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित काही झालंही नसतं. हावड्याच्या दमट हवेत मणी एकमेकांना चिकटतात, मग यंत्र नुसतं कुरकुरतं. त्या दिवशी मणी मी स्वतः भाजले. पोहे भाजावेत तसे मंद आचेवर, सारखे हलवत, अगदी सुटे होईपर्यंत. इतक्या मन लावून मी सासरच्या पाहुण्यांसाठीसुद्धा कधी काही भाजलं नसेल. खुर्च्या मात्र यंत्राच्या खिडकीपासून लांब मांडल्या आणि मिस्त्रींना मोटरच्या मागे उभं केलं. कुणाला इजा व्हायला नको होती. फजिती हवी होती, ती सुद्धा भरपूर.

साहेबानं स्वतः बटण फिरवलं. आधी नुसती घरघर. पाहुणे माना डोलवू लागले, तसा त्याला चेव आला आणि त्यानं वेग दुप्पट केला. कडाड् आवाज झाला, एक बोल्ट तुटून छताला लागला, खिडकी फुटली आणि भाजलेले मणी धो धो जमिनीवर आले. यंत्र सरकू नये म्हणून साहेब अजून मोटरच धरून उभा होता.

"ऐसा क्यों हुआ?" पाहुण्या इंजिनियरनं विचारलं. साहेबानं माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, सांगा ना."

"अहवाल तुमचा आहे," मी म्हटलं. असं सुख मला या शहरात दुसऱ्या कशानंही दिलेलं नाही.

तो ततपप करत राहिला. शेवटी मिस्त्रींना राहवलं नाही. ते अभिमानानं पुढे आले. "मेशिन दीदीर. दीदी शॉब जानेन." यंत्र दीदीचं आहे, दीदीला सगळं माहीत असतं. पाहुण्यानं वही काढून माझं पूर्ण नाव लिहून घेतलं. मग मान वर करून विचारलं, "बोल्ट लगनेवाले हैं, ये भी पता था?"

"हाँ," मी म्हटलं. खोटं बोलायची मला गरजच वाटली नाही.

मिस्त्रींच्या हातात अजून तो पाना होता. त्याच पान्यानं त्यांनी बोल्ट आवळले होते. "आपनि साहेबके बोलेननि?" त्यांनी हळूच विचारलं. बोल्टचा धोका मी साहेबाला सांगितला असेल, असंच ते सकाळपासून धरून चालले होते.

साहेबाची मला आजही कीव येत नाही. मिस्त्रींच्या हातातला पाना मात्र मी काढून घेतला आणि उरलेले तीन बोल्ट स्वतः सोडवले.