मुकादमाची माणसं

मी गाडी शिकले ती ताईंकडे. आमच्या भागातली निम्मी माणसं त्यांच्याकडेच शिकली असतील. शिकवताना त्यांचा आवाज कधी चढायचा नाही. समोरून ट्रक अंगावर येत असला तरी त्या शेजारच्या सीटवरून "आता ब्रेक" एवढंच म्हणायच्या, तेही चहात साखर किती घालू असं विचारावं त्या सुरात. त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, पण तो त्या सहसा दाबत नसत. "मी दाबत बसले तर तुमचा पाय शिकणार कधी?" यावरून लोक त्यांना ब्रेकताई म्हणायचे. अर्थात पाठीमागे.

घर बैठं, वर एकच खोली काढलेली, मागे अंगण. पुढच्या खोलीत त्यांच्या यजमानांचं काम चाले. ते दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचे. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, टेबलावर मेणाचे तुकडे, बारीक कानशी आणि दिवा. माणूस अतिशय अबोल. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं जुळवून त्यांचं स्वतःचं मिटलं असावं. वरच्या खोलीत त्यांचे वडील, म्हणजे ताईंचे सासरे. ते शहराच्या पाणीपुरवठ्यात पंप चालवायचे, आता निवृत्त. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून खाली फारसे उतरत नसत. ताट वर जायचं. यजमान काम हातावेगळं झालं की जेवायचे, ताई शेवटचा विद्यार्थी घरी सोडून आल्या की. भांडण कसलंच नव्हतं. पण एका छपराखाली तीन बिऱ्हाडं असावीत तसं ते घर होतं.

अशा घरात कुत्रा आला तो लेकीमुळे. लेक नोकरीनिमित्त एका डोंगराळ गावी राहायची. तिथे मेंढरं राखणाऱ्या कुत्र्यांची जात असते, त्यातलं एक पिल्लू तिने हौसेने घेतलं. पिल्लू दीड वर्षाचं झालं आणि तिला परदेशी जायची संधी आली.

"दोनच महिने सांभाळ आई," ती फोनवर म्हणाली. "तिकडे घर मिळालं की मी त्याला नेते."

दोन महिने म्हणजे काय, ते दोघींनाही ठाऊक होतं. ताई म्हणाल्या, "पाठव."

टेम्पोतून जे उतरलं त्याला पिल्लू म्हणायला जीभ धजेना. राखाडी अंग, मानेभोवती दाट आयाळ, पंजे पोळपाटाएवढे. तो आत शिरला आणि दार अरुंद वाटायला लागलं. लेकीने ठेवलेलं परदेशी नाव कोणाच्या तोंडी बसलं नाही. नाव सासऱ्यांनी ठेवलं. पहिल्याच संध्याकाळी कुत्रा सगळ्या खोल्या फिरून आला, प्रत्येकापाशी थांबला, हुंगलं आणि पुढे गेला. जिना चढून वर पोचला तेव्हा सासरे म्हणाले, "हा तर हजेरी घेतोय. मुकादम आहे मुकादम."

पहिले काही महिने मुकादमाने घराच्या नाकात दम आणला. केस तर विचारूच नका. त्याच्या अंगावर दुहेरी लोकर होती आणि उन्हाळा लागताच आतली लोकर गठ्ठ्यांनी निघायला लागली. एक दिवस दंतवैद्यांचा फोन आला. कवळी पेशंटच्या तोंडात बसवल्यावर हिरडीच्या रंगात एक राखाडी केस दिसला होता. त्या दिवशी यजमान जेवताना बोलले. "एक तर तो, नाहीतर माझा धंदा." दुसऱ्या दिवशी त्यांनीच पुढच्या खोलीला जाळीचं दार लावलं आणि विषय मिटला.

उकाड्यात तो न्हाणीघराच्या फरशीवर आडवा पडायचा, त्याला ओलांडून अंघोळीला जावं लागे. संध्याकाळ झाली की भुंकायचा, आणि त्याचं भुंकणं म्हणजे भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं. आज्ञा पाळणं हा प्रकार त्याला मान्य नव्हता. चेंडू फेकला तर तो आधी चेंडूकडे बघायचा, मग फेकणाऱ्याकडे. तुम्हीच टाकलात, तुम्हीच आणा. डोंगरात लांडग्यांपासून कळप राखणारे त्याचे पूर्वज मालकाला विचारत बसले असते तर मेंढरं उरली नसती. डोकं स्वतःचंच चालवायचं, हे त्याच्या रक्तात होतं.

एक गोष्ट मात्र त्याला सहन व्हायची नाही. आपली माणसं पांगलेली. रात्रीच्या जेवणाला ताई बसल्या की तो यजमानांच्या जाळीशी जाऊन कण्हायचा. ते उठले की जिना चढून सासऱ्यांच्या खाटेशी उभा राहायचा आणि हलायचा नाही. सासरे आधी चिडले. मग म्हणाले, "येतो बाबा, येतो." त्याच्या पाठीवर एक हात आणि कठड्यावर एक हात ठेवून ते एकेक पायरी उतरू लागले. फिरायला गेलं तरी तेच. यजमान झपझप पुढे गेले आणि ताई मागे राहिल्या की हा रस्त्याच्या मधोमध बसायचा. दोघं एका ओळीत आल्याशिवाय उठायचा नाही. लोक हसायचे. "इतक्या वर्षांत तुम्हाला जमलं नाही ते ह्याने केलं," असं एका दुकानदाराने म्हटल्यावर ताई नुसत्या "हं" म्हणाल्या.

शेजारी पेंटरकाका राहायचे. दुकानांच्या, शाळांच्या पाट्या रंगवायचे. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीला एक छोटं फाटक होतं आणि काका वर्षानुवर्षं त्यातून न विचारता ये-जा करत. कुत्रा आल्यापासून ताई काकांची चाहूल लागली की त्याला बांधायच्या. त्या दिवशी काकांना शिडी हवी होती. ताई शिकवणीवर होत्या, यजमान माल पोचवायला गेले होते. अंगणात सासरे खुर्चीत डुलकी घेत होते आणि मुकादम त्यांच्या पायाशी मोकळा. काका फाटकातून आले आणि सासऱ्यांच्या पाठीमागून शिडीकडे वळले. पुढचं कोणाला नीट सांगता येत नाही. सासरे जागे झाले तेव्हा काका जमिनीवर होते आणि कुत्रा त्यांच्या छातीवर पुढचे पाय रोवून उभा. दात लावला नव्हता. पण पडताना काकांचा उजवा हात खाली आला आणि मनगट मोडलं.

पाट्या रंगवणाऱ्याचं उजवं मनगट. सगळ्या गल्लीला वाईट वाटलं आणि सगळी गल्ली ताईंच्या दारात आली. पोरंबाळं इथे खेळतात, उद्या काही झालं तर कोण जबाबदार, हे जनावर शहरातलं नाही. काका आले नव्हते. त्यांनी निरोप पाठवला होता, "मी पोलिसांत जाणार नाही. पण तो तिथे असेल तर आपलं येणं-जाणं संपलं."

घरी सासरे म्हणाले, "त्याने माझी राखण केली, त्यात त्याचा काय गुन्हा?" यजमान म्हणाले, "गुन्हा नाही. पण हात मोडलाय." दोघांचंही खरं होतं. ताईंनी रात्री लेकीला फोन केला. ती रडली, आणि "तुला योग्य वाटेल ते कर" म्हणाली.

ताईंचा एक जुना विद्यार्थी मालाची गाडी चालवायचा. त्याची मावशी डोंगरात मेंढरं राखायची. पुढच्या सुट्टीला ताईंनी मुकादमाला मागच्या सीटवर घातलं आणि एकट्या निघाल्या. कुत्र्याची जागा कुत्र्याला द्यावी, असं त्यांनी ठरवलं होतं. घाटात गाडी हळू घेत होत्या तरी कुत्र्याला दोनदा उलटी झाली. दोन्ही वेळा त्यांनी गाडी बाजूला घेऊन पुसलं.

मावशी उघड्या माळावर भेटल्या. रापलेला चेहरा, अंगात पुरुषी कोट. त्यांचे दोन कुत्रे मुकादमाच्याच जातीचे, पण सडसडीत, अंगावर जुन्या जखमांचे वण. त्यांनी लांबूनच गुरगुर केली आणि मावशींनी त्यांना दटावून मागे बसवलं. मग कळप आला. मुकादमाने जन्मात मेंढी पाहिली नव्हती. एक मेंढी त्याच्याजवळ येऊन शिंकली. तो झटकन मागे सरला, ताईंच्या मागे गेला आणि त्यांच्या पावलांवर आपलं सगळं वजन टाकून बसला.

मावशी हसल्या. "मेंढीला घाबरणारा कुत्रा ठेवून मी काय करू, बाई? माझे हे दोघं त्याला एका रात्रीत फाडतील."

"पण जात तर हीच आहे ना?"

"जात हीच. पण लहानपणी कोकरांत वाढला तर मेंढरं त्याची होतात. हा माणसांत वाढलाय."

ताईंनी मनगटाची हकिकत सांगितली. मावशींनी ऐकून घेतली.

"म्हातारा झोपलेला आणि मागून कोणी आलं. माझ्याकडे असं केलं असतं तर मी त्याची पाठ थोपटली असती. तुम्हाला नको असेल तर तसं त्याला शिकवा."

"कसं शिकवू?"

"ते मला काय माहीत? माझ्याकडे मागून कोणी येतच नाही."

ताई त्याला घेऊन परतल्या. उतारावर त्यांच्या मनात जे आलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. नवा शिकणारा समोरचं सांभाळतो, धडकतो तो कडेने अचानक काही आलं की. म्हणून आपण त्याला आरसे बघायची सवय लावतो, म्हणजे अचानक असं काही उरतच नाही. त्यांनी तेच धरलं. मधल्या फाटकाला कुलूप लागलं. येणारा प्रत्येक माणूस पुढच्या दाराने यायचा, थांबायचा. ताई मुकादमाला दोरीने आणायच्या, त्याला हुंगू द्यायच्या आणि "आपला" एवढं म्हणायच्या. दूधवाला, पोस्टमन, दंतवैद्यांचा माणूस, मी. कोणालाच सूट नाही. कंटाळा यायचा, पण ताईंनी एक दिवस चुकवला नाही. ताई किंवा यजमान घरी नसतील तेव्हा तो मोकळा राहणार नाही, हेही ठरलं.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पेंटरकाकांकडे गेल्या. काका एका अर्धवट पाटीसमोर बसले होते, हात गळ्यात अडकवलेला. पाटी नव्या शाळेची होती आणि शाळा लवकरच सुरू होणार होती.

"सोडून आलात?" काकांनी विचारलं.

"नाही. परत आणलाय."

"मग कशाला आलात?"

"तुम्हाला हाडाच्या डॉक्टरकडे न्यायला. आणि ह्या पाटीचं काय करायचं ते विचारायला."

"पाटीचं तुम्ही काय करणार? गाडी चालवणं आहे का ते?"

"मी नाही. पण आमच्याकडे एक हात आहे, त्याला केसाएवढा फरक दिसतो."

त्या संध्याकाळी यजमान कवळ्यांचं काम आटपून शेजारी गेले. काकांनी डाव्या हाताने खडूच्या वाकड्यातिकड्या रेघा आखल्या आणि यजमानांनी ब्रश धरला. मला ते दृश्य ताईंच्या खिडकीतून दिसलं होतं. 'शाळा'तल्या 'ळ'वर गाडी अडली.

"दोन्ही पोटं सारखी नकोत हो," काका वैतागून म्हणत होते. "डावं जरा मोठं. अहो, दाढा नाहीत त्या."

यजमानांनी पुसलं, परत काढलं. तिसऱ्यांदा काढल्यावर काका गप्प बसले. म्हणजे बरं जमलं होतं. पाटी वेळेवर लागली. आजही शाळेच्या दारावर आहे आणि तो 'ळ' जरा दाढेसारखाच दिसतो.

काकांचं मनगट जुळलं, पण पूर्वीसारखं वळत नाही. मोठी अक्षरं ते स्वतः काढतात, बारीक कामाला यजमानांना हाक मारतात. दोघं संध्याकाळी एकत्र काम करतात आणि एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, हे दोघांनाही मानवलंय. काका घरी यायला लागले ते बऱ्याच महिन्यांनी, पुढच्या दाराने. त्यांनाही इतरांसारखंच दारात थांबावं लागलं. मुकादमाने हुंगलं, ताई "आपला" म्हणाल्या. पण काकांनी हात जरा वर उचलला की तो आजही उठून उभा राहतो आणि काकांनी त्याच्या डोक्यावर कधी हात ठेवलेला नाही. "माफ केलं," ते म्हणतात. "आवडायला हवा असं थोडंच आहे?" ताईंना हे पटतं.

लेक परत आली ती तीन वर्षांनी. तिकडे तिला अंगणाचं घर मिळालं होतं आणि कुत्र्याला नेण्याची सगळी व्यवस्था करूनच ती आली होती. मुकादमाने तिला ओळखलं. तिच्याभोवती फिरला, अंगावर रेलला, तिच्या बॅगेवर झोपला. सासऱ्यांनी मात्र त्या आठवड्यात जेवण कमी केलं.

निघण्याच्या सकाळी ताईंनीच गाडी काढली. लेक मागे बसली, मुकादम तिच्याशेजारी आपणहून चढला. यजमान पुढे बसले. सासरे काठी टेकून दारात उभे होते. गाडी सुरू झाली तसा मुकादम काचेतून बाहेर बघायला लागला. त्याने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि मग खालच्या पट्टीत कण्हायला लागला.

"आजोबा येत नाहीत रे," लेक त्याला म्हणाली. तो थांबेना.

ताईंनी गाडी बंद केली.

"आई, तू सांग. काय करू?"

"तुझा आहे. तू ठरव. मी कुठेही सोडायला तयार आहे."

लेकीने दार उघडलं. तो उतरला, सासऱ्यांपाशी गेला आणि वळून गाडीकडे बघत उभा राहिला, आता तुम्हीही उतरा अशा अर्थाने. लेक उतरली नाही. तिने डोळे पुसले आणि "चल आई, विमान चुकेल" म्हणाली. परतीच्या वाटेवर आपल्याला दोनदा चुकीचा गिअर पडला, असं ताईंनी मला सांगितलं, तेही त्याच सुरात.

त्याला आता काही वर्षं झाली. मुकादमाची कंबर गेली. जिना चढवेना, तेव्हा सासऱ्यांनीच आपली खाट खाली आणवली. ताई दुपारच्या शिकवण्या घेत नाहीत, उन्हात त्याच्या अंगावर ओला पंचा टाकायला कोणीतरी लागतं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे. परवा मी गेले तेव्हा लेकीचा फोन चालू होता. ह्याच्यानंतर त्याच जातीचं दुसरं पिल्लू पाठवू का, असं ती विचारत होती.

"आत्ता हा आहे," ताई म्हणाल्या आणि त्याची वाटी भरायला उठल्या.