बोअरचं पाणी

हौदात टँकर रिकामा होताना ओल्या सिमेंटचा वास सुटतो, आणि धाराशिवचं आमचं जुनं घर विकलं तो दिवस आठवतो. "पाणी नसलेल्या घराला भाव येत न्हाय," असं एजंट म्हणाला होता, आणि आमचा बोअर तर दोन उन्हाळ्यांपूर्वीच आटलेला. म्हणून घर बघायला गिऱ्हाईक येणार त्या सकाळी आम्ही टँकर मागवून हौद काठोकाठ भरला, अंगणातली ओलसुद्धा पुसून घेतली. बेंबळीहून नवरा-बायको आले. त्यानं भिंती ठोकून पाहिल्या, तिनं मात्र सरळ नळ सोडला, ओंजळभर पाणी पिऊन मला विचारलं, "ताई, बोअरचंच हाय ना?" माझे मालक हौदाचं झाकण लावायला वळले. मीच म्हणाले, "बोअरचंच. बारमाही." तिच्या होकारावर सौदा झाला. पुढच्या चैत्रात ती बाजारात दिसली. आता चारचौघांत भांडणार म्हणून मी वळले, तर तिनं येऊन माझा हातच धरला. "ताई, तुमचा पायगुण लई चांगला व्हता बघा. तुमी घर सोडलं अन् बोअरचं पाणी गेलं. एकदा येऊन उंबऱ्याला पाय लावून जावा." अजून दर उन्हाळ्यात तिचा फोन येतो, आणि दर उन्हाळ्यात मी गुडघे दुखतात म्हणून सांगते.