तीन फौजी आणि आमचे प्रेसिडेंट

सौदीतल्या रास तनुराच्या आमच्या कॅम्पमध्ये तेव्हा दोन प्रेसिडेंटांची चर्चा चालू होती. एक अमेरिकेचे, मेसमधल्या टीव्हीवरचे. दुसरे आमचे, कॅम्प कमिटीचे. जेवण कच्चं निघालं, एसी बंद पडला, कुणाचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वेळेवर नवा झाला नाही की आम्ही या दुसऱ्यांकडे जायचो. ते रायगडकडचे, रिगिंगचे, म्हणजे क्रेनने जड सामान उचलण्याच्या कामाचे, फोरमन. हात वर करून आम्हीच त्यांना निवडलं होतं. नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे, मेसचा आचारीसुद्धा 'प्रेसिडेंट, आज भात थोडा' म्हणायचा.

मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, दापोलीजवळच्या खाडीकाठचा. इंग्रजी बरं म्हणून सगळ्यांचे अर्ज माझ्याकडे यायचे आणि त्यामुळे माझा खोलीसोबती मला 'मास्तर' म्हणायचा. हा खोलीसोबती म्हणजे सुभेदारसाहेब. साताऱ्याकडचे, भारतीय फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले आणि आता कंपनीत सेफ्टी सुपरवायझर. त्यांच्या गादीवरची चादर सकाळी सहा वाजता अशी ताणलेली असायची की माझ्या गादीकडे बघून मला लाज वाटायची.

एका शुक्रवारी दुपारी आम्ही जेवत होतो. टीव्हीवर अमेरिकेतले काही निवृत्त सेनाधिकारी आपल्या अध्यक्षांबद्दल बोलत होते. या माणसात नेतृत्वाचे गुण नाहीत, हा धीराने ऐकून घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी सुभेदारसाहेबांना मराठीतून सांगत होतो. त्यांचा घास हातातच राहिला.

"चार माणसांत बोलत्यात? टीव्हीवर?"

"हो."

"आन् ते अध्यक्ष म्हंजी फौजेचे पण सगळ्यात वरचे, न्हवं का?"

"हो. पण हे आता निवृत्त आहेत."

"निवृत्त झाला म्हणून फौजी जातो व्हय?" असं म्हणून त्यांनी ताट पुढे सरकवलं. तेवढ्यात कुणीतरी चॅनल बदललं. तिथे दुसरे निवृत्त सेनाधिकारी, तेवढ्याच पदकांचे, सांगत होते की असा खंबीर नेता कित्येक वर्षांत झाला नाही. सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, ही एकाच फौजेतली माणसं ना?"

आमच्या टेबलावर साइट ऑफिसातला सौदी टाइमकीपरही बसला होता. शुक्रवारी बिर्याणी असली की तो आमच्यात यायचा. त्याने मला विचारलं, "हे खरे सैनिक आहेत?" मी हो म्हणालो. "आणि हे बोलून झाल्यावर आज घरी जातील?" मी म्हणालो, "घरीच जातील." तो पडद्याकडे बघून "सुभानअल्ला" म्हणाला आणि हात धुवायला उठला. त्याला कौतुक वाटलं की धसका बसला, मला सांगता येत नाही. तो पुन्हा त्याविषयी बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. इथे असल्या गोष्टी विचारत नसतात.

त्यानंतर साधारण पंधरा दिवसांनी भोंगा वाजला.

कॅम्पमधला भोंगा म्हणजे रिफायनरीत गॅस गळल्याचा इशारा, आणि त्याचे दोन आवाज आम्हाला पाठ करून घेतले होते. सलग वाजला तर खोलीत जायचं, दारं-खिडक्या बंद, एसी बंद. चढउतार करत वाजला तर मैदानात जमायचं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो वाजायला लागला तो धड सलगही नाही आणि धड चढउतारही नाही. घशात काहीतरी अडकल्यासारखा थांबत थांबत वाजत होता. आम्ही दोनेकशे माणसं बराकींच्या मधल्या रस्त्यावर उभी, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय.

प्रेसिडेंट पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्यावर चढले. आवाज त्यांचा मोठा. "खोलीत जा! सगळे खोलीत! एसी बंद करा!" लोक पळायला लागले. तेवढ्यात मैदानाच्या टोकाकडून सुभेदारसाहेब शिट्टी वाजवत आले. "मैदान में! सब मैदान में!" अर्धी माणसं तिकडे वळली. जी खोलीत निघाली होती त्यातली काही परत फिरली, जी मैदानाकडे निघाली होती त्यातली काही खोलीकडे. मी स्वतः आधी खोलीकडे गेलो, मग मैदानाकडे, आणि शेवटी मेसच्या दारात उभा राहिलो, जिथे उभं राहायला कुणीच सांगितलं नव्हतं. गर्दीत एक पाइपफिटर पायरीवरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं.

वीस मिनिटांनी कळलं की गॅस कुठेच गळला नव्हता. भोंगाच बिघडला होता. म्हणजे प्रेसिडेंट बरोबर की सुभेदार बरोबर, हे ठरवायला काही उरलंच नाही.

पण माणसाचं मनगट मोडलं होतं, त्यामुळे चौकशी झाली. कॅम्प मॅनेजर लेबनानी, सभ्य माणूस. त्याच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक. त्याने मेसमध्ये सगळ्यांची सभा बोलावली आणि सांगितलं की आपल्याकडे तीन फौजी आहेत, नेतृत्व म्हणजे काय ते त्यांना कळतं. त्यांनीच सर्वांसमोर सांगावं, की कमिटीच्या प्रेसिडेंटमध्ये ते गुण आहेत का. तीन फौजी म्हणजे आमचा सेफ्टी मॅनेजर, जो अमेरिकेचा निवृत्त कर्नल; गेटवरचा सुपरवायझर, जो पाकिस्तानी फौजेतला माजी हवालदार; आणि सुभेदारसाहेब. दुभाषा मी.

प्रेसिडेंट पहिल्या रांगेत बसले होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. हात मांडीवर.

कर्नल उठला. नेत्याचा हुकूम स्पष्ट हवा, डोकं थंड हवं आणि आपल्याला काय ठाऊक नाही हे त्याला ठाऊक हवं, असं म्हणाला. यातलं तिसरं या माणसाकडे नाही, असंही म्हणाला. सरळ, तोंडावर, आवाज न चढवता. बोलून झाल्यावर त्याने प्रेसिडेंटकडे पाहून मान किंचित झुकवली आणि बसला. हा अपमान होता की मान, ते मला कळलं नाही.

गेटवरचा हवालदार उठला आणि उर्दूत म्हणाला, "जनाब, हमारे यहाँ फ़ौज एक बार बोलना शुरू करे तो फिर चुप नहीं होती. इसलिए मैं चुप ही भला." लोक हसले. तो हसला नाही. पुन्हा खाली बसला.

मग सुभेदारसाहेब. त्या शुक्रवारचं त्यांचं बोलणं माझ्या कानात होतं, मला वाटलं हेही नकार देतील. ते उभे राहिले, सावधान राहतात तसे, आणि मॅनेजरला हिंदीत म्हणाले, "साहब, मैं रिपोर्ट बंद कमरे में देता हूँ."

मॅनेजर म्हणाला, "कामगारांनी त्याला उघड्यावर निवडलंय. उत्तरही उघड्यावर हवं."

हे मी हिंदीत सांगितलं. सुभेदारसाहेबांनी एकदा प्रेसिडेंटकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "आदमी अच्छा है. लोग इसके पीछे जाएँगे. इसीलिए इसको दुगना सोचना चाहिए था. उस दिन नहीं सोचा." आणि पुढे म्हणाले, "मैंने भी नहीं सोचा."

मी इंग्रजीत सांगायला लागलो. पहिलं वाक्य नीट गेलं. दुसऱ्याला, 'लोक याच्या मागे जातील' याला, घाईत माझ्या तोंडून निघालं, "पीपल विल गो आफ्टर हिम." मॅनेजरने भुवया उंचावल्या, काहीतरी लिहून घेतलं. त्याचं लिहिणं बघून मी गडबडलो आणि शेवटचं वाक्य, सुभेदारांनी स्वतःबद्दल म्हटलेलं, सांगायचंच राहिलं. सभा संपली.

दोन दिवसांनी नोटीस लागली. प्रेसिडेंटना पदावरून काढलं होतं. नोटिशीत एक कारण असं होतं की लोकांचा त्यांच्यावर रोष आहे. मी ती तीनदा वाचली. रोष? कुणाचा?

संध्याकाळी घरी फोन केला तेव्हा मुलीला सहज विचारलं. ती दापोलीला इंग्रजी शाळेत शिकवते. ती हसायलाच लागली. "अब्बा, गो आफ्टर म्हणजे मागे लागणं. एखाद्यावर तुटून पडणं. तुम्हाला फॉलो म्हणायचं होतं." मी फोन ठेवला.

सुभेदारसाहेब बूट पुसत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, राहून गेलेल्या वाक्यासह. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"माझं शेवटचं सांगितलं न्हाई?"

"राहिलं."

"म्हंजी मी एकट्या त्याच्यावर बोट ठिवलं, आन् माझ्यावर न्हाई?"

"तसंच झालं ते."

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी पुन्हा ब्रश घेतला. "आता काय करू? परत सभा बोलवू?" हे ते चिडून म्हणाले की थट्टेनं, अजून मला उमगलेलं नाही.

मी मॅनेजरकडे गेलो, चूक सांगितली. तो शांतपणे ऐकत राहिला आणि म्हणाला की कागद वर गेलाय, खलास. मग चहा मागवला. चहा पिताना मला प्रश्न पडला, की माझ्या चुकीमुळे हे झालं, का कर्नलच्या बोलण्यामुळे, का आधीच ठरलेलं होतं आणि आम्हाला नुसतं बोलायला बोलावलं होतं? कर्नलला विचारायचं धाडस मी केलं नाही.

त्याच आठवड्यात प्रेसिडेंट आमच्या खोलीत आले. हातात खजुराचा डबा. मी उठून बाहेर जायला लागलो तर म्हणाले, "बसा, मास्तर. तुमच्यासमोरच बोलायचंय." मग सुभेदारसाहेबांकडे वळले. "साहेब, एकच विचारतो. हे तुम्ही मला आधी खोलीत येऊन का नाही सांगितलंत? चार लोकांसमोर बोलायच्या आधी?"

"सांगितलं असतं, तर ऐकलं असतं का?"

प्रेसिडेंटनी विचार केला. खोटं बोलायचा माणूस नव्हता तो. "बहुतेक नाही."

"मग?"

"मग काही नाही. पण सांगायला हवं होतंत."

"व्हय," सुभेदारसाहेब म्हणाले. "सांगायला पायजे होतं."

मी मधेच माझी चूक कबूल केली. प्रेसिडेंटनी 'गो आफ्टर'चा अर्थ दोनदा विचारून घेतला आणि मग म्हणाले, "अहो, पण लोक खरंच मागे लागलेत माझ्या. मेसमध्ये रोज कुणीतरी विचारतंय, तुम्ही उलट का नाही बोललात." आणि पहिल्यांदाच ते जरा हसले. आम्ही तिघांनी खजूर खाल्ले. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही.

महिन्याभराने नव्या प्रेसिडेंटची निवड ठेवली. दोन नावं पुढे आली, त्यातलं एक जुन्याच प्रेसिडेंटचं. ते चालतं का, असं कुणीतरी विचारलं. मॅनेजर म्हणाला की काढून टाकलं होतं, उभं राहायला बंदी घातलेली नव्हती. जुन्या प्रेसिडेंटसाठी हात वर करा म्हटल्यावर जवळजवळ सगळी मेस उभी राहिली. ज्याचं मनगट मोडलं होतं तो पाइपफिटरसुद्धा प्लास्टरचा हात वर करून उभा होता. आणि माझ्या शेजारी सुभेदारसाहेबांचा हात वर.

"तुम्ही?" मी कुजबुजलो.

"मी त्याला नालायक म्हटलं न्हवतं, मास्तर. तुम्हीच तर होता दुभाषे."

मग मीही हात वर केला. तो त्यांच्याकडे बघून केला की स्वतःच्या मनाने, हे विचाराल तर ठाऊक नाही. कर्नल दाराशी उभा होता. निकाल ऐकून त्याने प्रेसिडेंटशी हस्तांदोलन केलं आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याची नवी तपासणी त्यांच्याबरोबर उभं राहून केली. हे दोघं तासभर उन्हात गप्पा मारत होते. एकाचं इंग्रजी, दुसऱ्याची मोडकीतोडकी हिंदी. मला दुभाषा म्हणून बोलावलं नाही.

सुभेदारसाहेब पुढच्या वर्षी फायनल एक्झिट घेऊन, म्हणजे नोकरी सोडून कायमचे, गावी गेले. प्रेसिडेंट त्यांना दम्मामच्या विमानतळापर्यंत सोडायला गेले होते, मी ड्यूटीवर होतो. खोलीत आता केरळचा एक वेल्डर राहतो, शांत माणूस, बातम्या बघत नाही.

गेल्या महिन्यात साताऱ्याहून सुभेदारसाहेबांचा फोन आला. गावात सरपंचाची निवडणूक आहे आणि लोक त्यांना उभं राहा म्हणतायत.

"मास्तर, तुम्ही माझ्यासंगं चार वर्षं एका खोलीत काढलीत. मी माणसं सांभाळू शकतो का? खरं सांगा."

मला त्यांची ताणलेली चादर आठवली, शिट्टी आठवली, मैदानाकडे आणि खोलीकडे पळणारी माणसं आठवली. चांगला माणूस, हे तर खरंच. पण तेवढं पुरतं का? आणि पुरत नसेल, तर ते मी सांगायचं?

"विचार करून सांगतो, सुभेदारसाहेब," मी म्हणालो.

ते म्हणाले, "सांगा. अर्ज भरायला अजून टाइम हाय."

त्याला आता बारा दिवस झाले. मी अजून फोन केलेला नाही.