सतराचा पाढा

वार्षिक परीक्षेआधी पालकांना वर्गात बोलावून मुलं काय शिकली ते दाखवायची आमच्या मुलुंडच्या शाळेची पद्धत होती. माझ्याकडे तिसरी. वर्षभर घसा फोडून मी सतराचा पाढा घोटून घेतला होता. मुलांनी सुरुवात केली आणि काय तो आवाज! कौलं हलली. मी हेडमास्तरांकडे बघून ऐटीत पदर सावरला. मग लक्षात आलं, आवाज मागून येतोय. भिंतीला टेकून उभे असलेले आईबाप डोळे मिटून, डोलत पाढा म्हणत होते.

"पालकांनी गप्प राहायचं!" मी ओरडले.

वर्ग चिडीचूप. मुलांची चाळीस तोंडं नुसतीच हलत होती.

मागून एका मुलाच्या आजोबांनी विचारलं, "बाई, आमचा निकाल?"

"तुम्ही सगळे चौथीत," मी म्हटलं. "मुलं राहतील माझ्याकडे."