रुखमाबाईच्या चटया

सत्कार या प्रकाराचीच खोब्रागडे सरांना शिसारी होती. शाल, नारळ, आणि एरवी तोंड फिरवणाऱ्यांची गोडगोड भाषणं! तरी अठ्ठ्याऐंशीच्या मार्चात, निवृत्तीच्या सत्काराला, ते निमूटपणे व्यासपीठावर बसले, कारण त्यांना एकच गोष्ट ऐकायची होती. आपल्या मागे जपानीचा वर्ग चालू राहील, आणि तो त्यांची विद्यार्थिनी जया शिकवेल.

वर्ग त्यांनीच उभा केला होता. धम्मदीक्षेनंतर नागपुरात आलेल्या एका जपानी भिक्खूंकडे ते ही भाषा शिकले, शिष्यवृत्तीवर क्योतोला राहून आले, आणि चौसष्ट साली कॉलेजनं त्यांना मागची एक अडगळीची खोली दिली. जपानी घरांत भाताच्या तणसाच्या, म्हणजे पेंढ्याच्या, जाड चटया असतात, आणि बसणं, वाकणं, चहा देणं सगळं त्यांच्यावरच. तणस म्हटल्यावर सरांना आपलं गाव, कुही, आठवलं. गावच्या शेतातलं तणस दाबून दाबून त्यांच्या आईनं, रुखमाबाईनं, दाभणानं चटया शिवल्या आणि कडेला आपल्या निळ्या लुगड्याचे काठ लावले.

"प्रोफेसर झाला अन् पोरायले तणसावर बसवून राह्यला!" असं म्हणत शिवल्या. पुढे तणस बदलत गेलं, आईही गेली, काठ तेच राहिले. त्या खोलीत चपला घालून कोणी पाऊल टाकलं नाही. प्राचार्यांनासुद्धा सर दारात थांबवत.

सत्काराला संस्थेचे अध्यक्ष चंपतराव आले होते. काटोलचे संत्र्याचे व्यापारी. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून ते सरांच्या संस्कृतीप्रेमावर बोलले आणि खिडकीबाहेर थुंकून पुन्हा बोलले. सरांनी मान वळवली. प्राचार्य मनोहरराव म्हणाले, "वर्ग असाच चालू राहील. जयाबाई शिकवतील." टाळ्या पडल्या. समोर बसलेल्या जयानं पदर डोळ्यांना लावला. सरांना वाटलं, बसलो ते बरं झालं. भेट म्हणून चंपतरावांनी संत्र्यांची पेटी दिली.

प्रताप नगरच्या घरी बायकोनं, गोपिकाबाईंनी, पेटी उघडली. "अहो, हे पाहा ना!" संत्र्यांखाली तणस अंथरलं होतं, आणि तणसात निळ्या लुगड्याच्या काठाचा तुकडा.

परीक्षांमुळे पंधरा दिवस वर्ग बंद होता, सर खोलीकडे फिरकले नव्हते. दुसऱ्या दिवशी ते पेटी सत्काराच्या शालीत बांधून कॉलेजात गेले. खोलीच्या दाराशी सवयीनं चपला काढल्या. आत उघडी फरशी, एका कडेला चंपतरावांच्या पेट्या छतापर्यंत, आणि मुलं चहा द्यायला शिकत त्या कोपऱ्यात खर्ऱ्याची लाल पिचकारी.

मनोहरराव धावत आले. "सर, सीझन आहे ना, खोली अध्यक्षांनी मागितली. चटया जुन्याच होत्या. तुम्हाले पाहिजे होत्या तर सांगाचं होतं!"

"आणि जया?"

"पाहू ना. पुढच्या वर्षी."

"काल स्टेजवर काहून बोलले मग?"

"सत्कारात तसं बोलाच लागते, सर."

सरांनी पेटी तिथंच पालथी केली. संत्री घरंगळत पिचकारीपर्यंत गेली. तणस त्यांनी शालीत बांधलं, काठाचा तुकडा खिशात घातला. मग दाराशी येऊन चपला पायात सरकवल्या, मागे वळले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्या खोलीत चपलांसकट या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालून आले.

मनोहरराव संत्री गोळा करत होते.